कापसाच्या सीझनमध्ये देवाले पहिलं कसं ठेवता तुम्ही?

पऱ्हाटीवाली
प्रेज द लॉर्ड सगळ्याईले. यवतमाळ जिल्ह्यातल्या खेड्यातून लिहून राहिली. चर्च तालुक्याले, सकाळची एसटी हुकली की गेला रविवार. आमच्या गावचा बाजार बुधवारी, म्हणून वेचणाऱ्या बाया सुट्टी बुधवारीच धरते, रविवारी शेतात येते आन तेव्हा घरचं माणूस लागतेच, कारण मजुरी किलोवर आहे, संध्याकाळी काटा लावून एकेकीचं गाठोडं मोजा, वहीत लिहा. शेतातल्या मोटारीची लाइट कधी रात्री तं कधी दिवसा येते, नवरा रात्रीच्या लाइनवर हरभरा ओलून सकाळी झोपते. सासूबाई अंथरुणावर. त्यात पास्टरसाहेबाईनं मत्तय 6:33 वर संदेश देल्ला, पहिल्यानं देवाचं राज्य. मनाले लागलं ना. डोळे उघडले की मले पहिले नळच आठवते, देव नाही. तुम्ही कसं जमवता?

वऱ्हाडी भाऊ
ताई राग मानू नका, पण दर सीझनले काहीतरी राह्यतेच, कापूस झाला की तूर, तूर झाली की लग्नं. आमी रविवारची वेचणीच बंद केली. काही बाया दुसऱ्याकडे गेल्या, जाऊ द्या. आन वेळच पाह्यजे असन तं सकाळी आहे ना, दव उडेपर्यंत कापसाले हात लावता येत नाही, ओला वेचला तं सीसीआयच्या (सरकारी कापूस खरेदीच्या) सेंटरवर 8 टक्क्याच्या वर ओलावा निघाला की भाव कापते, 12 च्या वर गाडी वापस. तेवढा वेळ बायबल घेऊन बसाचं.

रिटायर बाई
भाऊ, दव उडेपर्यंत तुमच्या घरी भाकरी कोण टाकते?
ताई, ते वचन एकटं उचलू नका, 25 पासून वाचा. काय खावं, काय नेसावं याची चिंता करू नका असं येशू सांगतो. काम सोडून द्या असं त्यात कुठंच नाही, चिंतेला पहिल्या पाटावरून उठवा एवढंच आहे. येशूला घरी पाहुणा म्हणून घेणाऱ्या मार्थेलाही तो स्वयंपाक केला म्हणून नाही बोलला, पुष्कळ गोष्टींची दगदग करते म्हणून बोलला. आणि मार्क 7 वाचाच, आईबापाला द्यायचं ते देवाला वाहिलंय, कुर्बान आहे, म्हणून हात झटकणाऱ्यांना त्यानं चांगलं झापलंय. तुम्ही सासूबाईंची कूस बदलून देता, पाठ पुसता, ते देवाला दुसऱ्या नंबरवर ठेवून करता असं कोणी सांगितलं तुम्हाला? पंडिता रमाबाईंनी केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये शेती, विणकाम, छापखाना, शेकडो बाया-पोरी सांभाळत अख्खं बायबल मराठीत आणलं. त्यांचं काम कुठं संपत होतं आणि भक्ती कुठं सुरू होत होती, काढा बरं वेगळं करून.

पाळकाचा पोरगा
बाईंचं पटते, पण एक सांगतो, घरीच देव आहे म्हणता म्हणता आमच्या मंडळीतले कितीक घरं फक्त नाताळ-ईस्टरवाले झाले. बैल विहिरीत पडला तं शब्बाथ दिवशीही, म्हणजे विसाव्याच्या दिवशीही काढाच, लूक 14 मधी आहेच, पण दर रविवारी बैल पाडाचा नाही 😀
ताई, बाजाराच्या दिवशी मजूर नाही ना, मंग बुधवारीच घरप्रार्थना ठेवा. पाळकाले सांगून पाहा, अंथरुणावरच्या माणसासाठी प्रभुभोजन घरी आणतेत, माहे बाबा बॅगमधी वेगळा लहान पेला ठेवत. आन लाइन तं आलटून पालटून राह्यते, ज्या आठवड्यात दिवसाची असन त्या रविवारी नवरा रात्री झोपलेला असते, तो तिथंच पाणी धरते, बायाईवर लक्षही राह्यते आन काटाही त्यालेच लावू द्या. सासूजवळ शेजारची कोणी बसन. तुम्ही एसटी पकडा.

वऱ्हाडी भाऊ
भाकरीचं बरोबर आहे बाई, बायको मागून वाचून हासून राहिली. पण रविवार बंदवर मी ठाम आहो.

पऱ्हाटीवाली
दिवसाच्या लाइनचं डोक्यातच नव्हतं आलं. नवऱ्याले वाचून दाखवलं तं म्हणे काटा लावतो पण हिशेब तूच लिहिजो, म्हणजे आल्यावर वही माह्याच गळ्यात. चालन. पास्टरीणबाईले फोन केला, येत्या बुधवारी येते म्हणे. सासूबाईनं ऐकलं तेव्हापासून एकच लावलं, भजनं जुन्या चालीचे पाह्यजे आन पेटीवर पाह्यजे, मोबाइलवरचे नाही. राळेगाव-कळंब साइडले पेटी वाजवणारं कोणी असन तं सांगा बाप्पा, जाण्यायेण्याचं पाहू आमी.