टायर ऑनलाइन की पुण्याच्या नाना पेठेतल्या दुकानातून?

'ऑनलाइन टायर हमखास जुना साठा असतो' असं म्हणतात, ते मला अर्धंच पटतं. जुना माल दुकानातही गळ्यात मारतात. मागच्या वर्षी नाना पेठेत मलाच असा टायर दाखवला होता, वर 'कालच आलाय साहेब'! टायरच्या बाजूवर 'DOT' (डॉट) ही इंग्रजी अक्षरं असलेल्या ओळीच्या शेवटी चार आकडे असतात. पहिले दोन आठवडा, नंतरचे दोन वर्ष. ३१२२ म्हणजे २०२२ चा एकतिसावा आठवडा. मला दाखवलेला तीन वर्षं जुना निघाला. बऱ्याच टायरवर हे आकडे एकाच बाजूला असतात आणि ती बाजू आत गेली की दिसत नाहीत, म्हणून रिमवर चढवण्याआधीच वाचा. ऑनलाइनच्या किमतीत बसवणं, बॅलन्सिंग (चाकाचं वजन समतोल करणं) आणि हवा भरायचा नवा व्हॉल्व्ह धरलाय का तेही बघा, नाहीतर वाचलेले पैसे तिथेच जातात.

ब्रेक पॅड मात्र मी दुकानातूनच घेतो, जुना पॅड सोबत नेऊन. एकाच गाडीच्या दोन व्हेरियंटचे पॅड वेगळे असू शकतात. आणि नवे पॅड टाकून लगेच सिंहगडाचा घाट उतरू नका, ते ब्रेकच्या डिस्कवर नीट बसायला थोडं अंतर जावं लागतं.