पुन्हा: पुन्हा: फॉरेस्ट हिल्सचा फ्लॅट, सहा महिन्यांचं भाडं आगाऊ?

मंडळी,
उद्या दुपारपर्यंत कळवायचंय म्हणून घाईत लिहिते. भाच्याचा न्यूयॉर्कच्या फॉरेस्ट हिल्समधला फ्लॅट ठरत आलाय, ७१ अ‍ॅव्हेन्यू स्टेशनपासून पायी पाच मिनिटं. वर्षाचा पगार महिन्याच्या भाड्याच्या चाळीसपट आहे, म्हणजे मालक मागतात तेवढा, पण येऊन तीनच आठवडे झाले, क्रेडिट हिस्टरी (उधारी फेडल्याची नोंद) नाही. मालक म्हणतो, सहा महिन्यांचं भाडं आधी भरा. पैसे उभे करू, पण भरावेत का? काकूंच्या जावयाच्या वेळी काय झालं होतं?
– अ.

अजिबात भरू नका. २०१९ च्या कायद्यानुसार न्यूयॉर्कमध्ये पहिल्या महिन्याचं भाडं सोडून वर डिपॉझिट म्हणा की अ‍ॅडव्हान्स, एका महिन्याच्या भाड्यापेक्षा जास्त घेता येत नाही. अर्जाची फीसुद्धा २० डॉलरच्या वर नाही. जावयाकडून ७५ घेतले होते, ते भांडून परत मिळवले. ब्रोकर मालकाने नेमलाय ना? मग जून २०२५ पासून त्याची फी मालकाकडेच.
– काकू

कायदा बरोबर आहे, पण मालक कारण न सांगता दुसऱ्याला देईल आणि पोरगा पुन्हा सोफ्यावर. आम्ही आलो तेव्हा मागितलं ते दिलं आणि घर मिळवलं. आणि फॉरेस्ट हिल्सच का? जॅक्सन हाइट्सला एकाच स्टेशनात ७ नंबर धरून सबवेच्या पाच गाड्या मिळतात.
– काका

काका, तिथेच रूझवेल्ट अ‍ॅव्हेन्यूवर ७ च्या पुलाला लागून मी चार वर्षं काढली आहेत. गाडी खिडकीसमोरून जायची, तेवढा वेळ आईशी फोनवरचं बोलणं थांबवायचं. फॉरेस्ट हिल्सला सगळं जमिनीखाली, शिवाय ई आणि एफ या एक्स्प्रेस गाड्या थांबतात. पण ई रात्री उशिरा लोकल होते आणि शनिवार-रविवारी रुळांची कामं निघतात. त्याची रात्रपाळी असेल तर सही करण्याआधी एकदा त्याच वेळेला जाऊन बघायला सांगा.
– सु.

मंडळाच्या कार्यकारिणीतर्फे: ही ईमेल यादी कार्यक्रमांच्या सूचनांसाठी आहे. घरांची शीट गणपतीनंतर मुद्दाम केली, कृपया तिथे लिहावं.
– चिटणीस

शीट कोणी उघडत नाही, चिटणीसबाई, आणि तिला उद्याच उत्तर द्यायचंय. अ., आगाऊ पैशांऐवजी गॅरंटर, म्हणजे भाड्याची हमी देणारा, चालेल का विचार. त्याचं वर्षाचं उत्पन्न बहुतेक महिन्याच्या भाड्याच्या ८० पट मागतात. माझं एकटीचं बसणार नाही, आमचं दोघांचं मिळून बसेल. सही आम्ही करू. तुझा भाचा आहे, परका नाही.
– काकू

काकू, मालकाशी बोलले. दोघांची सही चालेल म्हणतो, सहा महिन्यांचा विषय सोडला. गेल्या वर्षीचे टॅक्सचे कागद आणि पगाराच्या तीन स्लिपा हव्यात, आज रात्री दहापर्यंत. यादीवर नको, मला एकटीला पाठवा.
– अ.