दुचाकीसाठी नंबरचा गॉगल: पॉलिकार्बोनेट की सीआर-३९? मदत हवी आहे

नमस्कार. मी रोज दुचाकीने नाशिकहून सिन्नरच्या एमआयडीसीत कामाला जाते. सिन्नर आग्नेयेला असल्यामुळे सकाळी जाताना आणि संध्याकाळी परतताना, दोन्ही वेळा ऊन समोरूनच येते. त्यात ट्रकमागून उडणारी धूळ आणि पुढच्या गाड्यांच्या काचांवरून डोळ्यांत घुसणारी तिरीप. नंबर मायनस २.७५ असल्याने तयार गॉगल चालत नाही. फ्रेम ठरली आहे, अडले आहे ते भिंगांपाशी.

कॉलेज रोड आणि एम. जी. रोडवरच्या दुकानांत चौकशी केली. एका ठिकाणी ‘जेवढी गडद काच, तेवढे संरक्षण जास्त’ असे ठामपणे सांगण्यात आले, ते मला मुळीच पटलेले नाही. अतिनील किरण अडवणे आणि उजेड कमी करणे ही दोन वेगळी कामे आहेत. भिंग नुसतेच गडद असेल आणि ४०० नॅनोमीटर तरंगलांबीपर्यंतचे अतिनील किरण अडवत नसेल, तर अंधारामुळे बाहुली मोठी होऊन ते किरण उलट जास्त आत जातात. शिवाय गडदपणाच्या चौथ्या श्रेणीची, म्हणजे जेमतेम ३ ते ८ टक्के उजेड आत सोडणारी भिंगे वाहन चालवताना वापरायचीच नसतात. त्यामुळे ८ ते १८ टक्क्यांची तिसरी श्रेणी मी पक्की केली आहे.

खरा प्रश्न साहित्याचा आहे. काच दिसायला सर्वांत स्वच्छ आणि चऱ्यांना दाद न देणारी असली, तरी ती जड असते आणि खडा लागून फुटली तर डोळाच जाण्याची भीती, म्हणून ती बाद. पॉलिकार्बोनेट हे प्लॅस्टिक हलके असते, आघात चांगला सोसते आणि अतिनील किरण मुळातच अडवते. मात्र त्याचा पृष्ठभाग मऊ असल्याने वरच्या कठीण लेपावरच सगळी भिस्त असते, आणि त्याचा ॲबे अंक (हा जितका जास्त, तितके भिंगातून रंग कमी फाकतात) ३० च्या आसपास असल्याने भिंगाच्या कडेला वस्तूंभोवती रंगीत झालर दिसू शकते. सीआर-३९ चा, म्हणजे चष्म्याच्या नेहमीच्या प्लॅस्टिकचा, हाच अंक ५८ च्या घरात आहे, म्हणजे नजर बरीच स्वच्छ. चरेही तुलनेने कमी पडतात. पण आघात सोसण्यात ते पॉलिकार्बोनेटच्या जवळपासही येत नाही आणि अतिनील किरणांसाठी त्यावर वेगळी प्रक्रिया झाली आहे ना, हे बघावे लागते. ट्रायव्हेक्स हे तिसरे प्लॅस्टिक या दोहोंच्या मधले वाटते, परंतु मी विचारले तिथे ते मागवावे लागेल असे उत्तर मिळाले आणि किंमत ऐकून मी विषय बदलला.

पोलराइज्ड घ्यावे की नाही, यावरही मन होय-नाही करते आहे. रस्त्यावरून आणि बॉनेटवरून येणारी आडवी चकाकी त्याने उत्तम जाते, हे दुकानाबाहेर उभ्या मोटारीकडे पाहून लगेच कळले. मात्र तोच गॉगल घालून मोबाइल आडवा केला, तर पडदा जवळजवळ काळा झाला. माझ्या गाडीचा वेगदर्शक डिजिटल आहे, त्यामुळे ही बाब मला बारीक वाटत नाही.

तेव्हा विचारायचे ते असे. मायनस अडीच-तीनच्या नंबरला पॉलिकार्बोनेटमधली ती रंगीत झालर प्रत्यक्षात जाणवते का, विशेषतः मान न वळवता आरशात नजर टाकताना? रोजच्या धुळीत त्यावरचा लेप दोन-तीन वर्षे टिकतो का? (मी भिंगे आधी पाण्याखाली धरते, कोरडी पुसत नाही.) पोलराइज्ड वापरणाऱ्या दुचाकीस्वारांना डिजिटल वेगदर्शक नीट दिसतो का?

आणखी एक शंका आहे. दुकानदार जांभळ्या टॉर्चचा उजेड नोटेवर पाडतात, मध्ये भिंग धरतात आणि नोटेवरची चमक गेली की संरक्षण सिद्ध झाले म्हणतात. टॉर्चच्या ठरावीक तरंगलांबीपुरतेच ते खरे असणार. नाशिकमध्ये भिंगाची ४०० नॅनोमीटरपर्यंतची तपासणी यंत्रावर करून देणारे कोणी असल्यास कृपया सांगावे. फ्रेम दुकानात बाजूला ठेवायला सांगितली आहे, त्यामुळे या आठवड्यात उत्तर मिळाले तर बरे होईल.