मदत हवी आहे: जाहिरात नसताना नाटकात कामासाठी अर्ज दिला, आता पुन्हा विचारणा कशी करू?

आयर्विनपूल

नमस्कार मंडळी,

मी सांगलीची. वय ४१. पतसंस्थेत नोकरी आहे आणि गेली चौदा वर्षं आमच्या ग्रूपकडून राज्य नाट्य स्पर्धेत सांगली केंद्रावर काम करते आहे. दोन वेळा अभिनयाचं गुणवत्ता प्रमाणपत्र आणि एकदा रौप्यपदक मिळालं. व्यावसायिक नाटकात आजवर एकही काम केलेलं नाही.

जूनच्या शेवटच्या आठवड्यात मुंबईच्या एका संस्थेचं नाटक भावे नाट्यमंदिरात लागलं होतं. त्यात मोठ्या जावेची भूमिका आहे. दुसऱ्या अंकात ती वाती वळत बसलेली असते, धाकटी जाऊ भांडत असते, आणि ही तिच्याकडे न बघता एकेक वात ताटलीत ठेवत उत्तरं देते. काम करणाऱ्या बाई उत्तमच आहेत. पण बघता बघता माझे हात मांडीवर तसेच वळायला लागले. हे मला येईल, असं इतक्या ठामपणे याआधी कधी वाटलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी त्यांचा कोल्हापूरला प्रयोग होता. रात्रभर विचार करून सकाळी पाकीट तयार केलं. दोन फोटो, केलेल्या कामांची यादी, उंची, वय, फोन नंबर. संध्याकाळची बस पकडून कोल्हापूरला गेले आणि प्रयोग संपल्यावर मागच्या दाराला उभी राहिले. नेपथ्याच्या फ्लॅट, म्हणजे रंगवलेल्या भिंती, टेम्पोत चढत होत्या. व्यवस्थापक पायरीवर बसून बुकिंगचा हिशेब लावत होते. मी नाव सांगितलं, पाकीट दिलं. ते "बरं" म्हणाले, उरलेल्या तिकीटबुकांच्या रबरात ते पाकीट अडकवलं आणि बॅगेत टाकून चेन लावली.

आठ दिवसांनी संस्थेच्या मेलवर तोच अर्ज पाठवला. व्हॉट्सॲपवर निर्मात्यांनाही एक मेसेज केला. दोन निळ्या खुणा आल्या. त्यालाही आता सहा आठवडे झाले. काहीच उत्तर नाही.

त्यांनी कलाकार हवेत अशी जाहिरात दिली नव्हती, मीच आपणहून दिलं. त्यामुळे उत्तर मागायचा मला हक्क आहे का, इथंच अडते. ग्रूपमधले एक ज्येष्ठ म्हणतात, मुंबईत दहा वेळा फोन केल्याशिवाय कुणी दखल घेत नाही. दुसरे म्हणतात, एकदा दिलं की गप्प बसायचं, मागे लागलेलं माणूस डोळ्यात खुपतं. दोघंही माझ्या भल्याचंच सांगतात. १८४३ साली विष्णुदास भाव्यांनी 'सीता स्वयंवर' आमच्या गावात केलं म्हणून आम्ही सांगलीला नाट्यपंढरी म्हणतो. पण दादरच्या ऑफिसात अर्जावरचा सांगलीचा पत्ता वाचून "लांब राहतात" म्हणून तो बाजूला ठेवत असतील का, हाही विचार सारखा येतो.

पुन्हा विचारावं का? विचारायचं तर व्यवस्थापकांना, निर्मात्यांना की दिग्दर्शकांना? फोन बरा की मेसेज? मी असा मेसेज लिहून ठेवला आहे:

"आदरणीय सर, मी आपल्याकडे कामासाठी अर्ज पाठवला होता. त्याचं काय झालं ते कृपया कळवावे. कोणतीही भूमिका चालेल, लहान असली तरी चालेल. आपल्या उत्तराची वाट पाहत आहे."

अजून एक. गेल्या आठवड्यात एका अनोळखी माणसाचा फोन आला. मालिकेसाठी तुमचा फोटो पसंत पडलाय, पण आधी आर्टिस्ट कार्ड काढावं लागेल, त्याचे साडेसात हजार भरा, म्हणाला. फोटो त्याच्याकडे कुठून गेला कळत नाही. हे खरं असतं का?

तिसरी_घंटा

पैशाचं आधी सांगते. तो नंबर ब्लॉक करा. काम देणारा माणूस काम देण्यासाठी पैसे मागत नाही. कार्ड, पोर्टफोलिओ, रजिस्ट्रेशन, कुठल्याही नावानं मागितले तरी नाही. कलाकारांच्या संघटनेचं सदस्यत्व हवं असेल तर ते संघटनेच्या कार्यालयातून मिळतं, फोनवरच्या माणसाकडून नाही.

आणि निळी खूण म्हणजे नकार नव्हे. एकदा जरूर विचारा.

विंगेतून

ताई, मी अठरा वर्षं व्यावसायिक नाटकांचं व्यवस्थापन केलं. तशीच एक बॅग माझ्याकडेही होती, म्हणून त्या पाकिटाचं पुढे काय होतं ते सांगतो.

दौऱ्यावरून परत आलं की बॅग रिकामी होते. तिकीटबुकं हिशेबाला जातात, पाकीट खणात जातं. फोटो कुणी फेकत नाही, तेवढा मान सगळे ठेवतात. पण कलाकार लागतो तेव्हा खण कुणी उघडत नाही. गुरुवारी रात्री फोन येतो की बाईंच्या मालिकेच्या तारखा अडकल्या, रविवारी ठाण्याला गडकरी रंगायतनात प्रयोग आहे, बोर्ड लागलाय, बुकिंग चालू आहे. दिग्दर्शक विचारतो, "कोण आहे?" त्या क्षणी ज्याच्या तोंडी जे नाव येईल त्याला फोन जातो. सगळा खेळ त्या अर्ध्या तासाचा आहे. म्हणून तुमच्या फोनचा हेतू "अर्जाचं काय झालं" हा ठेवूच नका. त्या अर्ध्या तासात तुमचं नाव कुणाच्या तरी तोंडी असावं, एवढ्यासाठी फोन करायचा.

फोन व्यवस्थापकांनाच करा. भूमिका ते ठरवत नाहीत, दिग्दर्शक ठरवतो. पण त्यांनी तुम्हाला समोर पाहिलंय आणि दिग्दर्शकाशी त्यांचं रोज बोलणं असतं. शनिवार-रविवार चुकूनही करू नका. मंगळवार किंवा बुधवार, सकाळी अकरा ते एक. त्याआधी पेपरातल्या नाटकांच्या जाहिराती बघा. विदर्भाच्या दौऱ्यावर असतील तर माणूस बसमध्ये झोपलेला असतो, चार दिवस थांबा.

बोलायचं ते अर्ध्या मिनिटात. कोणत्या महिन्यात, कोणत्या गावात पाकीट दिलं ते आधी, म्हणजे त्यांना चेहरा आठवेल. मग एकच गोष्ट विचारा: "मी एका मिनिटाचा व्हिडिओ पाठवला तर दिग्दर्शकांना दाखवाल का?" याला 'हो' म्हणणं सोपं आहे. "अर्जाचं काय झालं" याला त्या माणसाकडे उत्तरच नसतं. आणि उत्तर नसलं की माणूस फोन उचलायचं टाळतो, मीही टाळले आहेत. आज त्याचं वाईट वाटतं.

तुमच्या मेसेजमधलं "कोणतीही भूमिका चालेल" काढून टाका. त्यात तुमची चौदा वर्षं दिसत नाहीत. मोठ्या जावेसाठी बदली म्हणून उभी राहू शकेन, संहिता मिळाल्यावर आठ दिवसांत पाठ करेन, असं स्पष्ट म्हणा. मात्र आत्ता काम करणाऱ्या बाईंबद्दल कौतुकापलीकडे एक शब्दही नको. त्या नाटक सोडणार आहेत का, असं चुकूनही विचारू नका. नाटकातली माणसं एकमेकांना लगेच सांगतात.

या फोननंतर पुन्हा फोन करायचा तो नवीन काही सांगण्यासारखं असेल तरच. स्पर्धेच्या प्राथमिक फेरीची तारीख लागली, दुसरीकडे काम मिळालं, कोल्हापूर-सांगलीत त्यांचा पुढचा प्रयोग आहे आणि तुम्ही येताय. दहा फोन करा म्हणणारे चूक आहेत, एकदाच दिलं की गप्प म्हणणारेही चूक आहेत.

पैशाचंही मनात पक्कं ठेवा. नव्या माणसाच्या नाईटमध्ये, म्हणजे एका प्रयोगाच्या मानधनात, मुंबईला जाणं-येणं आणि राहणं सुटेल असं धरून चालू नका.

फोकस_आऊट

मी मालिकांच्या कास्टिंगला सहायक म्हणून काम करते. व्हिडिओबद्दल थोडं.

स्पर्धेच्या प्रयोगाचं मागच्या रांगेतून केलेलं शूटिंग पाठवू नका, त्यात चेहराच दिसत नाही. दिवसा खिडकीकडे तोंड करून उभ्या राहा, मागे साधी भिंत, मोबाईल आडवा, कुणाला तरी धरायला सांगा. आधी इंट्रो द्या, म्हणजे नाव, वय, उंची, कुठे राहता, कोणत्या बोली येतात. डावी बाजू, उजवी बाजू दाखवा, मग उतारा. मोठ्या जावेचा उतारा करू नका. तुम्ही ते काम इतकं मन लावून पाहिलंय की त्या बाईंची लकब नकळत येईल आणि दिग्दर्शकाला तेच आधी दिसेल. तुमच्या स्वतःच्या नाटकातला करा, शक्यतो हळू आवाजातला. स्पर्धेतल्या कलाकारांना शेवटच्या रांगेपर्यंत आवाज पोचवायची सवय असते, कॅमेऱ्यासमोर तो अंगावर येतो.

फाईलला स्वतःचं नाव आणि नंबर द्या. आमच्याकडे एकाच दिवशी 'व्हिडिओ एक' नावाच्या वीस फायली येतात आणि नंतर कुठली कुणाची ते शोधता येत नाही. चांगली माणसं अशी हातची गेलेली मी पाहिली आहेत.

आणि सांगलीचा पत्ता लपवू नका. कोल्हापूर, साताऱ्याकडे मालिकांची चित्रीकरणं झाली आहेत. तेव्हा तिथलीच बोली तोंडात असलेल्या बायका आम्ही शोधत असतो आणि ऐन वेळी मिळत नाहीत.

आयर्विनपूल

सगळ्यांचे मनापासून आभार. तो नंबर ब्लॉक केला. मेसेज असा बदलला आहे, बघा:

"नमस्कार. जूनमध्ये कोल्हापूरच्या प्रयोगानंतर मागच्या दारात मी आपल्याला फोटोंचं पाकीट दिलं होतं. मी सांगलीची, राज्य नाट्य स्पर्धेत चौदा वर्षं काम करते, अभिनयाचं रौप्यपदक आहे. मोठ्या जावेसाठी कधी बदली लागली तर आठ दिवसांत उभी राहू शकेन. एक मिनिटाचा व्हिडिओ सोबत पाठवते आहे, दिग्दर्शकांना दाखवावा ही विनंती."

विंगेतून

उत्तम. पण आधी फोन, मग हा मेसेज. अनोळखी नंबरवरून आलेला व्हिडिओ कुणी उघडत नाही.

आयर्विनपूल

आज बुधवार, साडेअकराला फोन केला. पहिल्यांदा उचलला नाही. वीस मिनिटांनी त्यांचाच आला. मी "कोल्हापूर, मागचं दार" म्हणाले आणि ते लगेच म्हणाले, "हिरव्या साडीतला फोटो ना? आहे माझ्याकडे." माझ्या डोळ्यांत पाणीच आलं. सहा आठवडे मी समजत होते की तो कचऱ्यात गेला.

व्हिडिओ पाठवा म्हणाले, तो पाठवला. मग त्यांनी विचारलं, "समजा लागलंच, तर पंधरा दिवस सलग तालमीला मुंबईत येता येईल का?" मी एकदम हो म्हणू शकले नाही. उद्या सांगते म्हणाले. माझी अकरा दिवसांची रजा शिल्लक आहे, वरचे चार दिवस बिनपगारी मागावे लागतील. मुलाची दहावी आहे, पण तो आणि त्याचे बाबा दोघंही जा म्हणतात. राहायला मुलुंडला मावशी आहे. अट घालतेय असं न वाटता अकरा दिवसांचं कसं सांगू?

विंगेतून

चालू नाटकात बदली कलाकार उभा करायला पंधरा दिवस सहसा लागत नाहीत. बाकीच्यांचं नाटक बसलेलं असतं, एकट्या तुम्हाला त्यात बसायचं असतं. त्यांना तुमची तयारी किती आहे ते बघायचं असणार. तेव्हा अडचण न सांगता तारखा सांगा: "अकरा दिवस आत्ता नक्की, पुढचे चार ऑफिसकडून मागून घेते, संहिता आधी मिळाली तर पाठ करूनच येते, मुलुंडला राहायची सोय आहे." आणि उद्यापर्यंत थांबू नका. त्यांचा संध्याकाळी प्रयोग नसेल तर आजच सहाच्या आत कळवा. रात्री महालक्ष्मी एक्सप्रेसनं निघालं की सकाळी दादरला उतरता येतं, हेही सांगून टाका. लांब राहता ही शंका त्यांच्या मनात असेलच, ती त्यांनी विचारायच्या आधी मिटवा.

आयर्विनपूल

पाच वाजून दहा मिनिटांनी कळवलं. "ठीक आहे, संहितेचं दिग्दर्शकांना विचारतो," म्हणाले. रजेचा अर्ज लिहून टेबलावर ठेवला आहे, तारखेची जागा मोकळी सोडून.