अभिनेत्रींचे लेखन इतक्या उशिरा का येते?

प्रश्न (वाचनवेडी):
दुर्गा खोटे यांचे ‘मी, दुर्गा खोटे’ आणि नीना गुप्ता यांचे २०२१ साली आलेले ‘सच कहूँ तो’ ही दोन आत्मचरित्रे मी नुकतीच लागोपाठ वाचली. सासरची आर्थिक घडी विस्कटल्यावर, पदरात दोन लहान मुलगे असताना, दुर्गाबाई चित्रपटात आल्या आणि १९३२ च्या ‘अयोध्येचा राजा’मध्ये तारामती झाल्या, नीना गुप्ता यांनी १९८९ मध्ये जन्मलेल्या मुलीला विवाहाच्या चौकटीबाहेर वाढवले आणि त्या काळात चित्रपटांपेक्षा दूरचित्रवाणीवर अधिक भिस्त ठेवली. दोघींनीही घर चालवण्यासाठी काम केले, आणि दोघींची आत्मचरित्रे मात्र मुले हाताशी आल्यानंतर कितीतरी वर्षांनी लिहिली गेली. मला पडलेला प्रश्न असा, की अभिनेत्रीचे लेखन हा तिच्या कारकिर्दीचाच भाग मानावा, की कारकीर्द ओसरल्यावर सुचणारी ती एक निवांत गोष्ट आहे? मातृत्वामुळे ते लांबणीवर पडते का?

प्रतिसाद १ (पडद्यामागची):
मी काही वर्षे मालिकांच्या लेखनचमूत काम केले आहे, त्यामुळे उत्तराची सुरुवात वेळापत्रकापासून करते. चित्रपटाचे चित्रीकरण कितीही दमवणारे असले तरी त्याला शेवट असतो. चाळीस-पन्नास दिवसांनी कलाकार घरी परततो. दैनंदिन मालिकेला तसा शेवट नसतो. बारा तासांची शिफ्ट, त्याआधीचा मेकअप, जाण्यायेण्याचा वेळ, आणि प्रक्षेपणापूर्वी भागांची पुरेशी ‘बँक’ (आगाऊ चित्रित केलेला साठा) तयार नसेल तर सुट्टीच्या दिवशीही येणारा कॉल टाइम, म्हणजे सेटवर हजर होण्याची वेळ, असे ते चक्र असते. अनेकदा प्रसंग सेटवरच हातात पडतात, म्हणजे घरी बसून पाठांतर करण्याचीही सोय नाही. यात मूल होणार असले, की नायिकेला कथेत परगावी पाठवतात, शाल आणि क्लोजअप यांच्या आधाराने पोट लपवत काही आठवडे काढतात, नाहीतर सरळ चेहरा बदलतात. २०१७ च्या दुरुस्तीनंतर मातृत्व लाभ कायद्याने पहिल्या दोन अपत्यांसाठी २६ आठवड्यांची भरपगारी रजा दिली, हे खरे; परंतु करार करून रोजच्या दराने मानधन घेणाऱ्या अभिनेत्रीचे निर्मात्याशी असलेले नाते सहसा नोकरीचे धरले जात नाही, त्यामुळे ही रजा व्यवहारात तिच्या वाट्याला येत नाही. अशा दिवसातून लेखनासाठी काय उरणार? म्हणून उशीर होण्याचे कारण मी मातृत्वापेक्षा कामाच्या या रचनेत शोधेन.

प्रतिसाद २ (जुना प्रेक्षक):
पडद्यामागची यांचे म्हणणे मान्य करूनही मला मूळ प्रश्नातले गृहीतकच पटत नाही. लेखन म्हणजे केवळ आत्मचरित्र नव्हे. १९९८ साली सुरू झालेली ‘साँस’ ही मालिका नीना गुप्ता यांनी स्वतः लिहिली, दिग्दर्शित केली आणि तिच्यात मध्यवर्ती भूमिकाही केली; त्या वेळी त्यांची मुलगी आठ-नऊ वर्षांची होती. नवऱ्याच्या आयुष्यात दुसरी स्त्री आल्यावर चाळिशीतली गृहिणी काय करते, ही कथा तेव्हा दुसऱ्या कोणी त्यांच्यासाठी लिहायला घेतली असती असे मला वाटत नाही. चाळिशी गाठलेल्या अभिनेत्रीला, बहुधा त्याच्याही आधी, आपल्याकडे आईची भूमिका देतात. रीमा लागू १९८९ च्या ‘मैंने प्यार किया’मध्ये सलमान खानच्या आई झाल्या तेव्हा त्या त्याच्याहून अवघ्या सात वर्षांनी मोठ्या होत्या, आणि दहा वर्षांनी आलेल्या ‘वास्तव’मध्ये तर संजय दत्तच्या आई, तो त्यांच्याहून जेमतेम वर्षभराने लहान असताना! पडद्यावरचे हे मातृत्व घरातल्या मातृत्वापेक्षा कारकिर्दीला अधिक आवळते. त्यातून सुटण्याचा एक मार्ग म्हणजे आपली भूमिका आपणच लिहिणे. त्याच नीनाबाईंनी २०१७ मध्ये, आपण मुंबईत राहतो आणि चांगल्या भूमिकांच्या शोधात आहोत, असे समाजमाध्यमावर उघड लिहिले, आणि पुढच्याच वर्षी त्यांची महत्त्वाची भूमिका असलेला ‘बधाई हो’ हा चित्रपट आला. त्या चार ओळीही मी लेखनातच धरतो.

प्रतिसाद ३ (समासातली):
आत्मचरित्राविषयी एक वेगळी बाब. अभिनेत्री हंसा वाडकर यांचे ‘सांगत्ये ऐका’ १९७० मध्ये पुस्तकरूपाने आले, पण ते त्यांनी बसून लिहिले नव्हते. त्या सांगत गेल्या आणि अरुण साधूंनी शब्दांकन केले. शीर्षकातही लिहिणे नाही, सांगणे आहे. त्यामुळे ‘लिहायला वेळ कधी मिळाला’ या प्रश्नाबरोबरच ‘लेखणी कोणाच्या हाती होती’ हेही विचारायला हवे. आजच्या अभिनेत्रींनी यावर सदराचा तोडगा काढलेला दिसतो. सोनाली कुलकर्णी यांचे ‘सो कुल’ वृत्तपत्रीय सदरातून पुस्तक झाले, अमृता सुभाष यांचे ‘एक उलट एक सुलट’ही तसेच. सातशे-आठशे शब्दांचा मजकूर दोन शॉट्सच्या मधल्या वेळात जुळवता येतो, आणि संपादकाचा तगादा असल्यामुळे तो उद्यावरही ढकलता येत नाही. मात्र सदरातून आठवड्याचा अनुभव येतो, आयुष्याचा हिशेब येत नाही. त्यासाठी थांबावेच लागते, आणि मुलांविषयी लिहायचे तर ती मोठी होऊन ‘हे लिही, ते नको’ असे सांगू शकतील तोवर थांबणे मला योग्यही वाटते.

वाचनवेडी:
मुलांच्या संमतीचा मुद्दा माझ्या लक्षात आलाच नव्हता. मी उशिराला केवळ अडचण समजत होते. जुना प्रेक्षक यांच्या प्रतिसादामुळे दुर्गाबाईंकडेही पुन्हा पाहिले. स्टुडिओशी कायम बांधून घेण्याची रीत असताना त्यांनी प्रभात, न्यू थिएटर्स अशा निरनिराळ्या संस्थांसाठी काम केले आणि १९३७ मध्ये ‘साथी’ या चित्रपटाची निर्मिती व दिग्दर्शनही केले, तेव्हा त्यांचे मुलगे शाळकरी वयातच असणार. पुस्तकातली ती प्रकरणे मी भरभर वाचून पुढे गेले होते. आता त्या तारखा मुलांच्या वयांशी जुळवत पुन्हा वाचायला घेते.