एवढे प्रकार, एवढे पोटप्रकार: हे संगीत आहे की दुकानाचे कप्पे?

ठेका_धरा:

वाद घालायलाच धागा काढतोय, त्यामुळे आडपडदा ठेवत नाही. नाचायच्या इलेक्ट्रॉनिक संगीतात आज शेकड्यांनी नावं फिरतात. त्यांतली निम्मी तरी संगीताची नावं नाहीत. ती विकणाऱ्यांनी चिकटवलेली लेबलं आहेत.

बीटपोर्ट उघडून बघा. २००४ पासून डीजे मंडळी तिथून ट्रॅक विकत घेतात. हाऊस वेगळं, डीप हाऊस वेगळं, टेक हाऊस वेगळं, प्रोग्रेसिव्ह वेगळं, ‘मेलोडिक हाऊस अँड टेक्नो’ आणखी वेगळं. नुसत्या टेक्नोचे दोन कप्पे: एक ‘पीक टाइम, ड्रायव्हिंग’, दुसरा ‘रॉ, डीप, हिप्नॉटिक’. म्हणजे पार्टीत किती वाजता वाजवायचं यावरून प्रकार ठरणार! आणि आत शिरून ऐकलंत तर बहुतेक ठिकाणी तोच कारभार: चारही ठोक्यांना किक (ड्रमचा जड ठोका), दुसऱ्या-चौथ्याला क्लॅप, मधल्या फटीत हायहॅट (झांजेची टकटक), वेग मिनिटाला १२० ते १३५.

आणि हे आजचं नाही. १९८८ साली लंडनची एक कंपनी डेट्रॉइटच्या पोरांचा संग्रह काढणार होती. ठरलेल्या नावात ‘हाऊस’ होतं, ‘द हाऊस साउंड ऑफ डेट्रॉइट’. त्या पोरांतल्या हुआन ॲटकिन्सने ‘टेक्नो म्युझिक’ नावाचा ट्रॅक दिला आणि संग्रह बाजारात आला तो ‘टेक्नो! द न्यू डान्स साउंड ऑफ डेट्रॉइट’ म्हणून. शिकागोचा माल, म्हणजे हाऊस, आधीच खपत होता, नवा माल नव्या नावाने खपवला. एक अख्खा प्रकार कव्हरवरच्या अक्षरांतून जन्माला आला.

मला तीन गोष्टी सांगा: वेग किती, किक कुठे पडते, बेस काय करतो. बाकी सगळी विशेषणं.

खर्जातला:

टेक्नोचं उदाहरण तुमच्यावरच उलटतंय. ॲटकिन्सने १९८४ मध्येच सायबोट्रॉन या नावाखाली ‘टेक्नो सिटी’ काढलं होतं. शब्द त्याच्याकडे चार वर्षं आधीपासून होता. कंपनी डेट्रॉइटला हाऊसच्या गाडीत कोंबायला निघाली होती आणि वाजवणाऱ्याने ते होऊ दिलं नाही. म्हणजे एकाच पाटीखाली सगळं घालत होता दुकानदार, आणि वेगळं म्हणत होता कलाकार. तुमच्या सिद्धांताच्या बरोबर उलट.

आता हाऊस. १९७७ मध्ये शिकागोत ‘वेअरहाऊस’ नावाचा क्लब सुरू झाला, तिथे फ्रँकी नकल्स वाजवायचा. येणारे मुख्यतः कृष्णवर्णीय आणि लॅटिनो, त्यातही बरेचसे समलिंगी पुरुष. दोन वर्षांनी, १२ जुलै १९७९ ला, त्याच शहरातल्या कोमिस्की पार्क स्टेडियमवर बेसबॉलच्या दोन सामन्यांच्या मधल्या वेळात डिस्कोच्या रेकॉर्ड्सचा ढीग स्फोटाने उडवला. लोक मैदानात घुसले, दुसरा सामना रद्द करावा लागला. डिस्कोकडे मग मोठ्या कंपन्यांनी पाठ फिरवली. वेअरहाऊसमध्ये मात्र तीच गाणी, फिलाडेल्फियाचं सोल, युरोपातून आलेलं सिंथ (सिंथेसायझर) संगीत हे सगळं चालूच राहिलं. पुढे कुणी त्यात ड्रम मशीन मिसळलं, कुणी घरीच रेकॉर्ड काढली. त्या क्लबच्या नावाचा तुकडा म्हणजे ‘हाऊस’. हे लेबल नाही, पत्ता आहे.

आणि खरं दुकानदारी लेबल बघायचं असेल तर ते तुम्हीआम्ही सर्रास वापरतो: ईडीएम, म्हणजे ‘इलेक्ट्रॉनिक डान्स म्युझिक’. २०१० च्या आसपास अमेरिकेतल्या मोठ्या फेस्टिव्हलवाल्यांना एकच पाटी हवी होती. त्या पाटीखाली शिकागो नाही, डेट्रॉइट नाही, डबस्टेपवाल्यांचं लंडनमधलं क्रॉयडन नाही, फक्त आतषबाजी आणि ड्रॉप (क्षणभर थांबून एकदम कोसळणारा बेस). तुमचं ‘नावं कमी करा’ प्रत्यक्षात आलं की असं दिसतं.

ठेका_धरा:

शिकागो-डेट्रॉइटबद्दल भांडण नाहीच. ती मूळ घराणी आहेत, मानतो. मी बोलतोय त्यांच्या खापरपणतवंडांबद्दल. १९८४ साली एका माणसाने स्वतःच्या संगीताला नाव दिलं, म्हणून आज कुणीतरी ‘मेलोडिक’ हा शब्द पुढे लावला की नवा प्रकार झाला का? आणि कप्प्यांचं गौडबंगाल ट्रॅक टाकणाऱ्यांना चांगलं ठाऊक असतं. जिथे गर्दी कमी तिथे नोंदवा, टॉप १०० मध्ये लवकर दिसाल. हा संगीताचा गुण झाला?

कन्सोलमागे:

धागाकर्ते, तुम्ही ऐकणारे दिसता, वाजवणारे नाही. ‘किती वाजता वाजवायचं यावरून प्रकार’ याला हसताय? पूर्वी-मारवा संध्याकाळी आणि भैरव पहाटे म्हणणाऱ्या मुलखातून? पबमध्ये नऊ वाजता माणसं अजून खुर्च्या शोधत असतात. तेव्हा कुणी पीक टाइम टेक्नो लावलं तर मॅनेजर स्वतः येऊन बंद करतो. विकत घेताना मला तेच कळायला हवं असतं, आणि कप्पा ते सांगतो.

तुमच्या तीन प्रश्नांबद्दल. डबस्टेप मिनिटाला १४० च्या आसपास चालतं, पण स्नेअर (ड्रमचा कडक ठोका) तिसऱ्या ठोक्यावर एकदाच पडतो, त्यामुळे अंगाला ७० जाणवतात. सायट्रान्सही १४० च्या पुढेमागेच, तिथे प्रत्येक ठोक्याला किक आणि किकच्या मधल्या जागेत बेसचे बारीक तुकडे, एक सेकंद मोकळा नाही. आकडा तोच, पण एकात माणूस झुलतो, दुसऱ्यात धावतो. अमापियानो घ्या, दक्षिण आफ्रिकेतल्या जोहान्सबर्ग-प्रिटोरियाकडच्या वस्त्यांमधलं. वेग ११० ते ११५. किक अगदी नावाला, शेकर सतत, आणि ‘लॉग ड्रम’ म्हणतात तो लाकडी घुमारा असलेला सिंथचा आवाज बेसही होतो आणि तालही. त्याच देशात दर्बानचं गॉम आहे, वेग हाऊसइतकाच, पण चारही ठोक्यांना किक नाही, किक तुटक. दोन्ही ‘आफ्रिकन हाऊस’ म्हणून एका फोल्डरमध्ये टाकलीत तर रात्री शोधत बसाल.

टेक हाऊस आणि बाकीच्या गर्दीबद्दल तुमच्याशी सहमत. तिथे मलाही फरक सांगता येत नाही.

बार्देसकार:

पत्ता-पत्ता काय लावलंय? पत्त्याची गोष्ट आमच्याकडून ऐका. ‘गोवा ट्रान्स’. हणजूण, वागातोर. सत्तर-ऐंशीच्या दशकांत बाहेरून आलेले लोक, त्यांचा गुरू म्हणजे सॅन फ्रान्सिस्कोहून आलेला गोवा गिल, २०२३ मध्ये वारला. नव्वदच्या दशकात रेकॉर्ड काढल्या त्या लंडनच्या ड्रॅगनफ्लाय, टिप असल्या कंपन्यांनी. १९९४ मध्ये बीबीसीच्या रेडिओ १ वर पॉल ओकनफोल्डने ‘गोवा मिक्स’ वाजवला आणि नाव घरोघर गेलं. पुढे इस्रायलमध्ये तर ते राष्ट्रीय छंद झालं. यात गोंयकार कुठे? पार्टीच्या कडेला चटई घालून चहा, ऑम्लेट विकणाऱ्या आमच्या बायका, तेवढंच. नाव आमच्या गावाचं, संगीत पाहुण्यांचं.

तरी एक सांगतो, कारण हे मला मनापासून आवडतं: त्या संगीतावर जागेची खूण आहे. उन्हात नि धुळीत रेकॉर्डची तबकडी टिकत नाही, म्हणून तिथले डीजे आधी कॅसेट आणि मग डॅट, म्हणजे डिजिटल टेप वापरायचे. डॅटवर वेग कमीजास्त करून दोन ट्रॅकचे ठोके जुळवता येत नसत. म्हणून सुरुवात आणि शेवट ठोक्याविना, लांबच लांब, एक विरत जातो आणि दुसरा उगवतो. ट्रॅक सात-आठ मिनिटांचे. ही रचना कुठल्या दुकानदाराने सुचवलेली नाही, टेपरेकॉर्डरने सुचवली.

२००७ पासून कांदोळीला सनबर्न फेस्टिव्हल व्हायला लागलं, मग २०१६ मध्ये ते पुण्याला गेलं. त्याच्याशी गोवा ट्रान्सचा संबंध मला तरी कधी दिसला नाही.

सूर_मावळा:

तुम्ही सगळे विदेशी नावं घेताय, पण ॲसिड हाऊस, म्हणजे सळसळत्या सिंथ बेसचं हाऊस, मुंबईत जन्मलं हे कुणी लिहिलंच नाही! चरणजित सिंग, १९८२, ‘टेन रागाज टू अ डिस्को बीट’. शिकागोचं ‘ॲसिड ट्रॅक्स’ आलं १९८७ मध्ये. पाच वर्षं आधी आपल्याकडे झालं. अभिमान बाळगा जरा.

खर्जातला:

हा फॉरवर्ड येणार हे माहीत होतं.

रेकॉर्ड अफाट आहे, त्यात वाद नाही. हिंदी सिनेमाच्या रेकॉर्डिंगमध्ये गिटार वाजवणारा माणूस रोलंडची तीन यंत्रं घेतो: ८०८ या ड्रम मशीनवर ताल, ज्युपिटर-८ या सिंथवर राग आणि टीबी-३०३ वर सळसळता बेस. त्या काळात फारसं कुणी विकत घेतलं नाही. २०१० मध्ये एका डच संग्राहकाने ती पुन्हा काढली तेव्हा जगाच्या भुवया उंचावल्या. ३०३ हे मुळात एकट्या गिटारवाल्याला साथीला बेस मिळावा म्हणून काढलेलं यंत्र. ते त्या कामाला कुचकामी निघालं, सेकंडहँड बाजारात पडलं, आणि शिकागोत फ्यूचर नावाच्या त्रिकुटाने त्याची बटणं पिळून पिळून ‘ॲसिड ट्रॅक्स’ केलं. पण शिकागोवाल्यांनी चरणजित सिंगांना ऐकलेलं नव्हतं. सिंगांनाही शिकागोचं काही माहीत असण्याचा प्रश्नच नाही, तेव्हा ते नव्हतंच. सारखं यंत्र, सारखा आवाज, संबंध शून्य. त्यांच्यामागून मुंबईत कुणी तसं वाजवलं का? नाही. शिकागोमागून मात्र मँचेस्टर, लंडन, सगळं इंग्लंड वेडं झालं. प्रकार आवाजावरून ठरत नाही, कुणी कुणाकडून उचललं यावरून ठरतो. दोन गवई योगायोगाने एकसारखी तान घेतात म्हणून ते एका घराण्याचे होत नाहीत.

ठेका_धरा:

मग तुमच्या हिशेबाने ती रेकॉर्ड कुठल्या कप्प्यात? आणि गंमत बघा. त्या दहा रागांत एक मधुवंती आहे. भातखंड्यांनी सगळे राग दहा थाटांत बसवले, आणि मधुवंती त्या दहांपैकी कुठल्याच थाटात धड बसत नाही. कोमल गंधार, तीव्र मध्यम, बाकी शुद्ध. कुणी ओढूनताणून तोडी थाटात टाकतात. राग थाटात बसला नाही म्हणून कुणी गायचं थांबलं का? मी हेच म्हणतोय.

खर्जातला:

थाट वेगळा, राग वेगळा. भातखंड्यांचे थाट म्हणजे तुमचं बीटपोर्ट, ते खुशाल फेकून द्या. पण ‘मधुवंती’ हे नाव फेकून ‘रात्रीच्या आधी गायचं काहीतरी’ म्हणणार का?

अर्धी_चिठ्ठी:

नावं ठेवायचं काम सरकारने केलं की काय होतं तेही नोंदवून ठेवते. ब्रिटनमध्ये १९९४ च्या क्रिमिनल जस्टिस कायद्याने उघड्यावरच्या रात्रीच्या रेव्ह पार्ट्या मोडायचा अधिकार पोलिसांना दिला, जमाव शंभराचा किंवा जास्त असेल तर. पण कुठलं संगीत? कायद्यात व्याख्या घातली: एकापाठोपाठ एक, तेच ते ठोके ज्यात मुख्यतः असतात तसले आवाज. तबल्याचा कायदाही त्यात बसला असता. ऑटेकर या जोडीने त्याच वर्षी ‘अँटी’ नावाची ईपी (छोटी रेकॉर्ड) काढली. तिच्यातला एक ट्रॅक असा रचला की कुठलेही दोन बार (ठोक्यांची आवर्तनं) सारखे नाहीत, आणि वेष्टनावर सूचना: वाजवताना वकील आणि संगीततज्ज्ञ जवळ ठेवा. अवांतर वाटेल, पण धागाकर्त्यांचे ‘वेग, किक, बेस’ हे तीन प्रश्न मला त्या कायद्याच्या भाषेसारखेच वाटले. हलकेच घ्या.

आणि नाव बदलल्याने काय पुसलं जातं त्याचं एक उदाहरण. लंडनचं ‘जंगल’ नावाचं संगीत. १९६९ च्या ‘आमेन, ब्रदर’ या सोल रेकॉर्डमधला सहा-सात सेकंदांचा ड्रमचा तुकडा कापून, वेग १६० च्या पुढे नेऊन, त्यावर जमैकन रॅगा. नव्वदच्या मध्यावर तेच ‘ड्रम अँड बेस’ झालं. जंगलच्या नावाला मारामाऱ्यांची बदनामी चिकटली होती, नवं नाव गोऱ्या वर्तमानपत्रांना सोसवत होतं, असं तेव्हाचे बरेच जण सांगतात. तो तुकडा वाजवणारा ड्रमर ग्रेगरी कोलमन २००६ मध्ये बेघर अवस्थेत गेला. हजारो ट्रॅकमध्ये त्याचा हात आहे, त्याला एक पैसा मिळाला नाही.

तासगावचा_टॉप:

लई मोठी चर्चा चाललीया. आमच्याकडं पण प्रकार हाईत की. हलगी मिक्स, बेंजो मिक्स, टपोरी मिक्स, साउंड चेक. हे कुठल्या दुकानानं पाडलं न्हाई. मिरवणुकीत पोरं बोंबलून मागत्यात, “हलगी लाव, हलगी!” आपुन लावायचं. साउंड चेक म्हंजे गाणंच न्हवं. मधी भोंगा, मधी डीजेचं नाव, मग बेस खाली सोडायचा, किती खाली जातोय ते दावायला. दोन मंडळं चौकात समोरासमोर आली की त्येच वाजतं, दुसरं काय लावलं तर इज्जत जाती. हलगी मिक्समधी किक काढत न्हाईत, किकवर हलगी बसवत्यात, आन ती बसवणाऱ्याचा हात ज्येचा त्येला ओळखू येतो. फायलीचं नाव न बघता सांगतो कुणी केलंय त्ये.

ठेका_धरा:

तासगावकर, तुम्ही माझ्या बाजूने बोलताय असं मला वाटतंय. ही नावं कामावरून पडली, वाजवणाऱ्यांत आणि नाचणाऱ्यांत. कुणी वरून कप्पा केला नाही.

कन्सोलमागे:

छे, ते माझ्या बाजूने बोलतायत. ‘साउंड चेक’ हे ‘पीक टाइम’च आहे, फक्त चौकातलं.

खर्जातला:

हात ओळखू येतो म्हणाले ते वाचलं नाही वाटतं कुणी.

ठेका_धरा:

वाचलं. मग मला एवढंच सांगा की ‘मेलोडिक टेक्नो’त कुणाचा हात ओळखू येतो? कुठल्या क्लबचं, कुठल्या गल्लीचं? क्रॉयडनच्या एका रेकॉर्डच्या दुकानाभोवती डबस्टेप वाढलं, तिथल्या पोरांची नावंही सांगता येतात. याचं सांगा.

खर्जातला:

त्याची बाजू मी घेतलेली नाही. एक लेबल पोकळ आहे म्हणून सगळी पोकळ ठरवायला माझा विरोध आहे, आणि तो राहणार.

तासगावचा_टॉप:

त्ये मेलोडिक टेक्नो काय असतंय, एखादी लिंक टाका की. हलगी बसती का बघतो.