अपडेटनंतर साऊंड कार्ड गायब: आधी फाईल तपासा

"कर्नल अपडेट झाल्यावर कार्ड दिसत नाही, म्हणून ड्रायव्हर पुन्हा टाका" हा सल्ला सरसकट लागू होत नाही. (कर्नल म्हणजे लिनक्सचा गाभा.) रास्पबेरी पाय या छोट्या संगणकावर पीसीएम५१०२ चिपच्या डॅक बोर्डाचा (डिजिटल आवाज अॅनालॉग करणाऱ्या साऊंड कार्डाचा) ड्रायव्हर कर्नलमध्येच असतो, वेगळा उतरवायचा नसतो. नुसतं 'एपीटी फुल-अपग्रेड' (सगळी प्रणाली अद्ययावत करणारी आज्ञा) करून रीबूट पुरतं. 'आरपीआय-अपडेट' या आज्ञेच्या वाटेला जाऊ नका, त्यातून चाचणीतला कर्नल येतो.

बऱ्याचदा घोळ फाईलच्या जागेचा असतो. रास्पबेरी पाय ओएसच्या बुकवर्म आवृत्तीपासून 'कॉन्फिग.टीएक्सटी' ही सेटिंगची फाईल 'बूट' फोल्डरखालच्या 'फर्मवेअर' फोल्डरमध्ये गेली, आणि जुने लेख वाचणारे अजून बूटमध्येच ओळी लिहितात! 'फर्मवेअर'मधल्या फाईलीत 'डीटीओव्हरले=हायफायबेरी-डॅक' घाला, 'डीटीपॅरम=ऑडिओ=ऑन' ओळीच्या सुरुवातीला # लावून ती बंद करा. एचडीएमआयचा आवाज नको असेल तर 'व्हीसी४-केएमएस-व्ही३डी' च्या ओळीला ',नोऑडिओ' जोडा. मग रीबूट करून 'एप्ले -एल' या आज्ञेच्या यादीत कार्ड दिसायला हवं.

खरंच पुन्हा बांधावा लागतो तो कर्नलबाहेरचा, डीकेएमएसने (प्रत्येक कर्नलसाठी ड्रायव्हर नव्याने बांधणाऱ्या साधनाने) बसवलेला ड्रायव्हर. त्याला चालू कर्नलचेच हेडर (ड्रायव्हर बांधायला लागणाऱ्या फाईली) लागतात. पाय ५ वर सहसा '२७१२' कर्नल चालतो, 'व्ही८' चे हेडर तिथे कामाचे नाहीत. कोणता कर्नल चालू आहे ते आधी 'यूनेम -आर' ने पाहा.